सूचना फेटाळली जाते, तेव्हा नेमके काय फेटाळले जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टेरी टॉवेल कारखान्यात तुम्ही दोन वर्षांपासून पर्यवेक्षक आहात आणि या काळात तुम्ही तीन सूचना केल्या. पहिलीला ‘बघू’ एवढेच उत्तर मिळाले. दुसरी सूचना तीन महिन्यांनी तुमच्या व्यवस्थापकांनी मालकांसमोर स्वतःची म्हणून मांडली. तिसरीवर ‘इथे वीस वर्षे असेच चालत आले आहे’ असे ऐकावे लागले. दोष आपल्या सूचनांत आहे की कारखान्याच्या वातावरणात, आणि आता गप्प राहावे काय, असे तुम्ही विचारले आहे. सोलापूरच्या वस्त्रोद्योगात मी ३१ वर्षे काम केले. त्यांपैकी पहिली १२ वर्षे उत्पादन विभागात आणि उरलेली मनुष्यबळ विभागात गेली. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कामाच्या ठिकाणची संस्कृती म्हणजे भिंतीवर लावलेली उद्दिष्टे किंवा मालकांचे दसऱ्याचे भाषण नव्हे. यापूर्वी ज्याने तोंड उघडले त्याचे पुढे काय झाले, याची कामगारांनी मनात जपलेली नोंद म्हणजे संस्कृती. नवा माणूस कामाला लागला की आठवड्याभरात ही नोंद त्याच्यापर्यंत पोहोचते. ती कोणी मुद्दाम शिकवत नाही, चहाच्या टपरीवर ती आपोआप कळते. सूचना चांगली की वाईट, हा प्रश्न पुष्कळ नंतर येतो. सूचना कोणी केली, ती प्रथम कोणी ऐकली आणि ती मान्य झाल्यास कोणाचे उणे दिसेल किंवा कोणाचे पैसे कमी होतील, या तीन गोष्टींवर तिचा निकाल बहुतेक वेळा आधीच लागलेला असतो.

माझ्या उत्पादन विभागातल्या दिवसांतील एक प्रसंग सांगतो, कारण या विषयावर मी जे काही शिकलो त्याची सुरुवात तिथे झाली. मी तेव्हा ज्या कारखान्यात होतो, तिथे चेकिंगच्या टेबलावर अकरा स्त्रिया काम करीत. त्यांपैकी एका ज्येष्ठ बाईंच्या लक्षात आले होते की किनारीजवळ लूप (टॉवेलावरचे धाग्याचे फासे) तुटलेले टॉवेल रोज थोडे थोडे येत नाहीत. दोन दिवस एकदम पुष्कळ येतात आणि मग आठवडाभर एकही येत नाही. हा दोष ठराविक मागांवर बीम, म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ, बदलल्यानंतर येत असावा, असा त्यांचा अंदाज होता. मात्र विणलेल्या कापडाच्या ताक्यासोबत येणारी मागाच्या क्रमांकाची चिठ्ठी कापणीच्या वेळी फेकून दिली जात असल्याने तो पडताळून पाहण्याचा मार्ग नव्हता. ती चिठ्ठी गठ्ठ्याला बांधून चेकिंगपर्यंत येऊ द्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी लागणारा खर्च एका सुतळीचा होता. मागांची देखभाल पाहणाऱ्या जॉबरने उत्तर दिले, ‘अक्का, तुम्ही माल तपासा, मागाचं आम्ही बघतो.’ मी शेजारीच उभा होतो. त्या म्हणतात ते बरोबर असावे, असे मला त्याच क्षणी वाटले होते, तरी मी काही बोललो नाही, कारण जॉबरला सर्वांसमोर कमीपणा येऊ नये असा माझा विचार होता.

सुमारे वर्षभराने निर्यातीचा एक मोठा माल याच दोषामुळे परत आला आणि मग चिठ्ठी गठ्ठ्याला बांधण्याची पद्धत वरून हुकूम काढून सुरू झाली. ‘हे तुम्ही सांगितले होते’ असे त्या बाईंना कोणी म्हटले नाही; मीही म्हटले नाही. त्यानंतर मी त्या कारखान्यात चार वर्षे होतो आणि त्या काळात त्या टेबलावरून एकही सूचना आली नाही. अकरा जणींचे डोळे रोज हजारो टॉवेल पाहत होते, पण त्यांनी पाहिलेले आमच्यापर्यंत पोहोचणे बंद झाले. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. जॉबर चुकला होताच. पण माझे गप्प राहणे त्या अकरा जणींनी अधिक नीट वाचले असावे, असे मला आज वाटते.

आपल्या सोलापुरात या गोष्टीला काही स्थानिक पदर आहेत, आणि ते ध्यानात घेतल्याशिवाय बाहेरचे सल्ले इथे लागू पडत नाहीत. पहिला पदर आवाजाचा. धोट्याचे यंत्रमाग चालू असलेल्या शेडमध्ये शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. कामगार हातवारे आणि ओठांची हालचाल यांवर काम चालवतात. धागा तुटला, कांडी संपली, बीम उतरवायचा आहे, हे सगळे खुणेने सांगता येते. पण ‘हे असे केले तर बरे होईल का’ हे खुणेने सांगता येत नाही. त्यासाठी माग सोडून बाहेर यावे लागते, म्हणजे तेवढा वेळ उत्पादन थांबते, आणि थांबलेल्या मागाशेजारी उभ्या असलेल्या कामगाराकडे पाहण्याची पर्यवेक्षकाची दृष्टी कशी असते हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरा पदर भाषेचा. आपल्या शहरातील विणकरांचा फार मोठा भाग पद्मशाली समाजातील आणि घरी तेलुगू बोलणारा आहे. कन्नड बोलणारेही पुष्कळ आहेत. कार्यालयातील बोलणे मराठीत किंवा हिंदीत चालते आणि कागद इंग्रजीत असतात. माणूस व्यवहारापुरती दुसरी भाषा सहज बोलतो; परंतु अजून पुरती न सुचलेली, चाचपडत मांडायची गोष्ट तो आपल्या भाषेतच बोलू शकतो. सूचना बहुधा अशीच अर्धवट अवस्थेत जन्मते. तीस वर्षे नक्षीच्या जकार्ड मागावर सोलापुरी चादर विणलेला माणूस कार्यालयात येऊन मोडक्या मराठीत दोन वाक्ये बोलतो आणि समोरच्याला वाटते की याला विशेष काही सांगायचे नाही. मनुष्यबळ विभागात गेल्यावर मी एकच बदल असा केला ज्याचा मला आजही अभिमान वाटतो: महिन्याची बैठक शेडबाहेर, पाळी बदलण्याच्या वेळी आणि तेलुगू नीट जाणणाऱ्या एका लिपिकाला सोबत घेऊन घेऊ लागलो. पहिल्या तीन बैठकांत कोणी फारसे बोलले नाही. चौथ्या बैठकीत एका वृद्ध विणकराने फणीच्या (ताण्याचे धागे जिच्यातून जातात त्या मागाच्या भागाच्या) साफसफाईबद्दल जे सांगितले, ते आमच्या तंत्रज्ञांपैकी कोणालाही सुचले नव्हते.

तिसरा पदर पैशाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मजुरी नगावर किंवा मीटरवर असते तिथे काम वेगाने होण्याची युक्ती ही कामगाराची खाजगी मिळकत असते. ती त्याने सर्वांना सांगितली आणि सगळ्यांचे उत्पादन वाढले, तर काही महिन्यांत दर खाली येईल, हा अनुभव त्याने किंवा त्याच्या वडिलांनी घेतलेला असतो. अशा ठिकाणी ‘आमच्या कामगारांकडे कल्पनाच नाहीत’ असे म्हणणारे मालक मी पाहिले आहेत. कल्पना होत्या, त्या सांगितल्याने पोटावर पाय येत असल्याने लपवलेल्या होत्या. त्यातच अनेक विणकरांनी मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ज्याच्या देण्याखाली आपण आहोत त्याला ‘तुमची पद्धत चुकते आहे’ असे सांगण्याचे बळ फार थोड्यांत असते. लहान शेडमध्ये मालक आणि विणकर एकाच टपरीवर चहा पितात, त्यामुळे तिथे मोकळेपणा आहे असे वरवर दिसते. परंतु उचलीची वही मध्ये असेल तर तो मोकळेपणा गप्पांपुरताच राहतो.

मोठ्या कारखान्यांत कामगारांचे म्हणणे ऐकण्यासाठी काही रचना नव्हती असे नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून सोलापूरला गिरणगावाचा इतिहास आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्यसमिती नेमण्याची तरतूद केली, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग हे राज्यधोरणाचे तत्त्व म्हणून अनुच्छेद ४३-अ मध्ये आले. पण गिरण्या बंद पडल्यावर काम लहान लहान यंत्रमागांच्या शेडमध्ये विखुरले गेले, जिथे १०० माणसे नसतात. तिथे समिती नाही, इतिवृत्त नाही. मालकाचा स्वभाव हीच तिथली रचना.

‘आपल्या लोकांची वृत्तीच तशी, वरच्यापुढे बोलणे आपल्या रक्तात नाही’ असे अनेकदा म्हटले जाते, आणि त्याला आधार म्हणून डच अभ्यासक खेर्ट हॉफस्टेड यांचे नाव घेतले जाते. त्यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणांवरून ‘सत्ता-अंतर’ नावाचे मोजमाप मांडले; वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील विषमता लोक किती गृहीत धरतात, हे ते दाखवते, आणि अंक जितका मोठा तितके अंतर अधिक. त्यात भारताचा अंक ७७ आणि डेन्मार्कचा १८ आहे. हा फरक खरा आहे, आणि आपल्याकडे ‘साहेब’ हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो त्यातही तो ऐकू येतो. परंतु तो देशाच्या सरासरीचा अंक आहे. तो तुमच्या शेडचे भविष्य नव्हे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील मोटारींच्या कारखान्याचे आहे. जनरल मोटर्सने हा कारखाना १९८२ मध्ये बंद केला. गैरहजेरी, भांडणे आणि निकृष्ट माल यांसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तो पुन्हा सुरू केला तेव्हा कामगार बहुसंख्येने तेच होते आणि संघटनाही तीच होती. बदलली ती वागणूक. दोष दिसल्यास दोरी ओढून मदत मागण्याचा आणि गरज पडल्यास संपूर्ण लाइन थांबवण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला मिळाला, आणि दोरी ओढली की गटप्रमुख ‘कोणी ओढली?’ असे रागावून विचारण्याऐवजी मदतीला धावत येऊ लागला. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधील कारखान्यांच्या तोडीचा गणला जाऊ लागला. टोयोटाची सूचना योजना तर १९५१ पासून चालू आहे. तिच्यात बक्षिसे आहेत, पण माझ्या समजुतीप्रमाणे तिचे बळ बक्षिसात नाही. सूचना करणाऱ्याला त्याच्या लगतच्या वरिष्ठाकडून लवकर आणि निश्चित उत्तर मिळते, यात आहे.

आपल्याकडे हे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. हैदराबादजवळ रामचंद्रपुरम येथील ‘भेल’च्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यात १९८० मध्ये देशातील पहिली गुणवत्ता मंडळे, म्हणजे कामातल्या अडचणी एकत्र बसून सोडवणारे कामगारांचे लहान गट, सुरू झाली. मी स्वतः एका कारखान्यात अशी मंडळे चालवली. सुरुवातीची दोन वर्षे उत्तम गेली. पुढे स्पर्धांसाठी तक्ते रंगवणे आणि भाषणे पाठ करून घेणे हेच मुख्य काम झाले, आणि मागावरची अडचण मागावरच राहिली.

सूचनापेटीबद्दलही लिहायला हवे, कारण ‘आमच्याकडे पेटी आहे’ हे उत्तर मला फार ठिकाणी मिळाले. एका कारखान्यात मी रुजू झाल्यावर पेटीची किल्लीच सापडत नव्हती. कुलूप तोडले तेव्हा सात-आठ चिठ्ठ्या निघाल्या: पिण्याचे पाणी गरम येते, स्त्रियांच्या शौचालयाला कडी नाही, एप्रिलमध्ये पत्र्याखाली पंखा हवा. व्यवस्थापक म्हणाले की या तक्रारी आहेत, कल्पना नव्हेत. मला हे मुळीच पटत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४२ अंशांच्या वर गेलेला असताना, पत्र्याखाली उभे राहणाऱ्या माणसाची पहिली सूचना पाण्याबद्दलच असणार. तो पाण्याबद्दल बोलून तुम्ही ऐकता की नाही हे पाहत असतो. ते जमले तर पुढे तो बीमबद्दल बोलेल. अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १८९८ मध्ये सूचना योजना सुरू केली तेव्हा सुरुवातीचे २ डॉलरचे बक्षीस ज्या सूचनेला मिळाले, ती प्रकाश नीट यावा म्हणून खिडक्या पुसण्याची होती. आम्ही त्या आठवड्यात शौचालयाला कडी बसवली. त्यासाठी कोणाच्याही मंजुरीची गरज नव्हती, तरी ते काम दोन वर्षे पडून होते.

आता तुमच्या तीन अनुभवांकडे येतो. ‘बघू’ या उत्तराचा अर्थ नकार असेलच असे नाही. अनेकदा ऐकणाऱ्याकडे निर्णयाचा अधिकार नसतो आणि ते कबूल करणे त्याला जड जाते. म्हणून पुढच्या वेळी सूचनेसोबत इतकी लहान मागणी ठेवा की ती त्याच्याच अधिकारात बसेल. सगळ्या शेडसाठी नवी पद्धत मागू नका. एका मागावर, एक आठवडा, एका पाळीत करून पाहण्याची परवानगी मागा, आणि त्या आठवड्यात काय मोजणार आहात ते आधी सांगा: किती वेळा माग थांबला, किती टॉवेल दुय्यम प्रतीत गेले. सूचना करण्यापूर्वी जॉबरशी एकट्याने बोला आणि ‘यात मला काय कळत नाही ते सांगा’ असे विचारा. तो जे सांगेल त्यातील अर्धे तरी खरोखर उपयोगी असते, आणि सर्वांसमोर आपली चूक काढली जात आहे ही त्याची भीतीही त्यामुळे जाते. आपल्या सूचनेने कोणाची मजुरी कमी होणार नाही ना, हे स्वतः तपासा. होणार असेल तर दर न बदलण्याची हमी मिळाल्याशिवाय ती सूचना पुढे नेऊ नका. हे मी व्यवहार म्हणून सांगतो तसेच नीती म्हणूनही सांगतो.

दुसऱ्याने सूचना स्वतःच्या नावावर खपवणे हा अन्याय आहे आणि तुम्हाला झालेले दुःख मला समजते. एकदा असे झाले तर भांडू नका, पण पुढची सूचना बोलण्यापूर्वी दिनांकासह लिहून व्यवस्थापकांना आणि आणखी एका संबंधित व्यक्तीला एकाच वेळी पाठवा; आजकाल कारखान्याच्या व्हॉट्सअॅप गटावर हे सहज करता येते. पुन्हा तसेच घडले, तर व्यवस्थापकांना एकांतात, आवाज न चढवता सांगा की माझे नाव घेतले असते तर मला बरे वाटले असते. हे वाक्य ऐकून वागणे सुधारलेले दोन व्यवस्थापक मला आठवतात. न सुधारलेलेही आठवतात.

‘वीस वर्षे असेच चालते’ या उत्तराने तुम्ही सर्वांत अधिक दुखावले गेला आहात असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते, पण तिन्ही उत्तरांपैकी हेच मला सर्वांत आशादायक वाटते. जुन्या पद्धतीमागे बहुधा एखादे कारण असते: कधी सुताचा प्रकार, कधी विजेच्या वेळा, कधी एखादा जुना अपघात. ‘ही पद्धत कशी पडली?’ असे आदराने विचारा. कारण अजून लागू असेल तर तुमची सूचना तुम्हीच दुरुस्त कराल. ते संपले असेल तर ते सांगताना त्या ज्येष्ठांच्याच ध्यानात येईल.

गप्प राहावे काय, याचे उत्तर मी नाही असे देतो, पण त्याला मुदत आहे. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले की असमाधानी माणसापुढे बोलणे आणि निघून जाणे असे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा असली की तो निघून जाण्याआधी अधिक काळ बोलत राहतो. म्हणून जो पर्यवेक्षक कटकट करतो त्याची मला कधी काळजी वाटली नाही. जो अचानक सगळ्याला ‘होय’ म्हणू लागला, त्याचा राजीनामा काही महिन्यांत माझ्या टेबलावर येत असे. वर सांगितल्याप्रमाणे आणखी वर्षभर प्रयत्न करा. त्या वर्षात एकाही सूचनेला कारणासह नकारसुद्धा मिळाला नाही, तर दुसरी नोकरी पाहण्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. कारणासह नकार हा मान आहे, हे मात्र विसरू नका. माझ्या स्वतःच्या सूचनांपैकी निम्म्याहून अधिक फेटाळल्या गेल्या आणि त्यांतील पुष्कळ फेटाळण्यायोग्यच होत्या.

शेवटी एक गोष्ट विचारतो, आणि ती विचारल्याशिवाय हे उत्तर अपुरे राहील. तुम्ही पर्यवेक्षक आहात, म्हणजे तुमच्या हाताखाली चेकिंगच्या स्त्रिया, हेमिंगचे शिलाई कामगार आणि विणकर आहेत. तुमच्या प्रश्नात तुम्ही केलेल्या तीन सूचनांचा उल्लेख आहे; तुमच्याकडे आलेल्या एकाही सूचनेचा नाही. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद अधिक आढळली. चांगले गट अधिक चुकत नव्हते. ते चुका उघडपणे सांगत होते. तुमच्यापर्यंत काहीच येत नसेल, तर तिथे सांगण्यासारखे काही नाही असे समजू नका. तुमच्या चेकिंगच्या टेबलावर सर्वांत जास्त वर्षे काम केलेल्या बाईंना उद्या पाळी संपताना थांबवून विचारा की रोज परत परत येणारा, पण कोणीच न विचारलेला दोष कोणता. त्या आधी ‘काही नाही’ म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, आणि जे सांगतील ते त्यांच्यासमोर त्यांच्या नावासह वहीत लिहा. आठवडा संपण्यापूर्वी त्याचे काय झाले हे त्यांना सांगायला स्वतः त्या टेबलापर्यंत चालत जा.